करगोट्याला बांधलेलं गेज

"ह्या काय लोंबता गे?" आबांनी विचारलं.

ते होडीच्या आडव्या फळीवर बसले होते. अंगात काळा रबरी सूट, पाठीला सिलिंडर, मास्क कपाळावर चढवलेला. सिलिंडरातून निघालेली एक रबरी नळी त्यांच्या मांडीवर लोळत होती. मेलेला साप उचलावा तशी ती त्यांनी दोन बोटांत धरून वर उचलली.

"ता गेज, आबांनू," मी म्हटलं. "सिलिंडरात हवा किती उरली ता ह्येच्यार कळता. ह्यो काटो. काटो लाल पट्ट्यार इलो काय आपण वर येवचा. खाली मी हातान अशी खूण केलंय काय तुमी काटो बघायचो आणि बोटांनी माका सांगायचा."

आबांनी गेज हातात फिरवलं, नखाने त्याची काच वाजवली आणि समुद्रातल्या किल्ल्याच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "बरा. पण लोंबता कित्याक?"

सगुण केळुसकर, माझे सासरे. उभा जन्म मालवणच्या समुद्रावर गेलेला माणूस. त्यांच्या होडीत साधा तांब्यासुद्धा कधी मोकळा दिसला नसता. विळा, भांडं, विडीचं पाकीट, जे असेल त्याला दोरी आणि दोरीला गाठ. मी पर्यटकांना स्कूबासाठी खाली घेऊन जायचे, तेव्हा आमच्या अंगावरच्या नळ्या, टॉर्च, शिट्ट्या बघून त्यांचा जीव वरखाली व्हायचा. तसं त्यांचं खोटंही नव्हतं. पाण्याखाली जे लोंबतं ते कुठेतरी अडकतं, नाहीतर दगडावरचं पोवळं मोडतं. म्हणून आम्ही प्रत्येक वस्तू क्लिपने छातीशी अडकवून ठेवतो. क्लिप अशी की एका बोटाने उघडावी.

"हय अडकवतंय," मी म्हटलं आणि गेज त्यांच्या जॅकेटच्या कडीला लावलं. "झाला? आता लोंबना नाय."

"ही कसली गाठ? शिंकलंय तर सुटात," आबा म्हणाले.

नांगराची दोरी सोडत बसलेला इनास मोठ्याने हसला. इनास फर्नांडिस हा आबांचा जुना साथीदार. दोघांनी मिळून मासेमारी केली, आणि आता आबा घरी बसल्यावर त्यांची होडी तो आमच्या स्कूबावाल्यांसाठी चालवायचा. सकाळपासून तो या सगळ्या प्रकाराची मजा लुटत होता.

"सगुण, तुका ह्या सुटात बघून बांगडे पळतले रे," तो म्हणाला.

"पळांदेत. तुजा तोंड बघून न्हायतरी खंय येयत," आबा म्हणाले.

हा सगळा घाट मी घातला होता आणि त्याला कारण होतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आबांच्या डोळ्यांचे पडदे तपासून सांगितलं होतं की नजर उतरत जाणार आणि ती थांबवता येणार नाही. वर्षभर तरी कामापुरतं दिसेल, मग बघू. त्या दिवशी परतीच्या एसटीत कणकवलीच्या आसपास आबा स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, "खडप तेवडो बघूक होयो होतो."

खडप म्हणजे गोबऱ्याचा खडप. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली बुडालेला एक मोठा कातळ. देवळाचा कळस आणि टेकडीवरचा माड एका रेषेत आले की होडी बरोबर त्याच्या डोक्यावर असते. तो आबांनी तरुणपणी शोधला आणि त्याच्या जिवावर घर चालवलं. दोरीच्या टोकाला शिसं बांधून ते खाली सोडायचे, आणि दोरी हाताला काय सांगते त्यावरून कातळ कुठे चढतो, कुठे उतरतो, कुठे गळ अडकतो हे त्यांना तोंडपाठ होतं. पण पाहिला मात्र कधी नव्हता. त्यांच्या पिढीतला माणूस हौसेने पाण्यात डोकं घालत नाही. आणि मी, काल आलेली सून, रोज चार पर्यटकांना त्याच खडपाभोवती फिरवून आणत होते.

तेव्हा मी ठरवलं. नजर जाण्याआधी आबांना खडप दाखवायचा. मालवणातल्या डॉक्टरांकडून त्यांचं हृदय, कान, छाती तपासून घेतली. माझा नवरा महेंद्र बोटीवर होता, त्याने फोनवरून "तुका काय वेड लागला?" एवढं विचारून परवानगी दिली. सासूबाई म्हणाल्या, "ने, पण म्हाताऱ्याक बुडवून हाडू नको. मगे माका रातचो झगडूक कोण गावतलो?"

आबांनी मात्र पहिल्याच फटक्यात हो म्हटलं, याचंच मला नवल वाटलं. कारण आबा माझ्यावर रागावलेले आहेत, अशी माझी खात्री होती. लग्नानंतर पहिलं वर्ष मी घरी होते तेव्हा सगळं ठीक होतं. समोर बसवून गजाली सांगायचे, मासे कसे निवडायचे ते शिकवायचे. मी पुन्हा कामावर जायला लागले आणि हळूहळू त्यांनी माझ्याकडे बघायचं सोडलं. मी चहा घेऊन पुढे गेले की तोंड खिडकीकडे. मी काही विचारलं की उत्तर नीट मिळायचं, पण भिंतीला. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "जुनो माणूस तो, सुनेच्या तोंडाकडे बघना नाय. मर्यादा आसता." हे मला पटलं नव्हतं. ही कसली मर्यादा, जी वर्षभराने सुरू होते? सुनेने रबरी सूट घालून परक्या माणसांचे हात धरून पाण्यात जावं हे त्यांना रुचलं नसणार, एवढाच अर्थ मी लावला होता. तो मनात सलत होता, आणि खडप दाखवला की राग जाईल अशी वेडी आशाही होती.

मी माझं सिलिंडर चढवायला वळले. पाठ झाली तेवढ्या वेळात आबांनी इनासला काहीतरी सांगितलं, आणि त्या दोघांची कुजबूज, खोकणं, हसणं मला ऐकू आलं. वळून बघते तर आबांच्या कमरेला, सुटाच्या वरून, जाळ्याच्या सुताचा नवा कोरा करगोटा.

"ह्या काय आता?"

"करगोटो. आतलो सुटात बुडालो. करगोट्याशिवाय मी दर्यात पाय घालूचंय नाय," आबा म्हणाले, किल्ल्याकडे बघून.

करगोट्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. गड्याच्या कमरेला तो नसणं म्हणजे आमच्याकडे उघडं असणं. मी मान हलवली, त्यांचा मास्क डोळ्यांवर बसवला, हवेची नळी तोंडात दिली आणि त्यांचा हात धरून पाण्यात उतरले.

नांगराच्या दोरीला धरून आम्ही खाली जाऊ लागलो. पहिल्यांदा उतरणारा माणूस बहुतेक वेळा धडपडतो, डोळे मोठे करतो, माझा हात पिळून काढतो. आबांनी तसलं काहीच केलं नाही. मी दाखवलं तसं नाक दाबून कान मोकळे केले आणि श्वास असा संथ घेतला की बुडबुड्यांची माळ एकसारखी वर जात राहिली. मला इतका अभिमान वाटला की पाण्याखाली कोणाला सांगता येत नाही याचं वाईट वाटलं. पाणी त्या दिवशी स्वच्छ होतं. थोड्या अंतरावर खडपाची काळी पाठ दिसायला लागली.

पुढे निघण्याआधी मी थांबले आणि तळहातावर दोन बोटं आपटून खूण केली. हवा किती?

आबांनी अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. सगळं बरं.

मी मान हलवली. बरं की वाईट हे नको, काटा सांगा. पुन्हा खूण केली. त्यांनी पुन्हा गोल केला. तेव्हा मी त्यांच्या छातीकडे बघितलं. क्लिप रिकामी होती. नळी जॅकेटच्या खालून कमरेकडे गेली होती आणि तिथून मागे कुठेतरी नाहीशी झाली होती. मी हाताने चाचपलं. गेज करगोट्याला बांधलेलं होतं. साधंसुधं नाही, जाळ्याला घालतात ती गाठ, एकावर एक, ओली झाली की आवळत जाणारी. वर ते मागे सरकवून जॅकेटखाली कोंबलेलं.

मी ओढून बघितलं, हललंसुद्धा नाही. काच अंगाकडे होती, त्यामुळे काटा दिसणं शक्य नव्हतं. माझ्या पायाला दोरी कापायचं लहान पातं असतं. मी ते काढलं, आणि आबांनी माझं मनगट धरलं. घट्ट. दुसऱ्या हाताने त्यांनी ती गाठ झाकली आणि मान हलवली. आणि तोंड फिरवलं.

माझा हात तसाच राहिला. आमच्याकडे जित्या माणसाचा करगोटा तोडत नाहीत, आणि मी त्यांची सून. पण ज्याची हवा मला वाचता येत नाही त्या माणसाला मी एक हातभरही पुढे नेत नाही. मग तो कलेक्टर असो की सासरा. खडप समोर होता. थोडे पाय मारले असते तर पोचलो असतो. मी अंगठा वर केला. वर चला.

आबांनी खडपाच्या दिशेने हात केला. मी पुन्हा अंगठा वर केला आणि त्यांना धरून हळूहळू वर आणलं.

होडीत चढल्यावर इनासने विचारलं, "इतक्यात? खडप पळालो काय?"

"ह्यांका इचारा!" मी मास्क काढून फळीवर आपटला. "गेज बांधून टाकल्यानी करगोट्याक! तुमीच मदत केल्यात ना? दात काढतास काय?"

इनासचे दात आत गेले.

"आबांनू, ता बांधूचा नसता," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "ता बघूचा असता. हवा संपली आसती तर? माजा नाव जावंदे, आयेक जावन काय सांगू?"

"हवा होती. माका कळता होता," आबा शांतपणे म्हणाले. तोंड किल्ल्याकडे.

"कसा कळता होता? पाठीत डोळे आसत तुमच्या?" मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचाही राग येत होता. "माजो राग इलो हा तुमका, ता माका म्हायत आसा. माजा काम आवडना नाय तर तसा तोंडार सांगा. पण वायच माज्याकडे बघून सांगा! किती म्हयने झाले, एकदा तरी माज्याकडे बघल्यात? मी काय गुन्हो केलंय?"

होडी डुलत होती. इनास उगाचच नांगराची दोरी तपासायला लागला.

"बघतंयच आसंय," आबा म्हणाले.

"खंय? किल्ल्याकडे बघतास तुमी!"

"तसा बघलंय काय मगे तू दिसतंस." त्यांनी मान वळवली आणि थेट माझ्याकडे तोंड केलं. कितीतरी दिवसांनी त्यांचे दोन्ही डोळे माझ्यासमोर आले. "हे बघ, आता समोर बघतंय. तुजे हात दिसतत. केस दिसतत. मदी काय नाय. धुक्याचो गोळो कसो तो. तोंडच नाय तुका." त्यांनी पुन्हा हळूच किल्ल्याकडे मान वळवली. "आणि हय बघलंय काय मगे इली. नाक लाल झाला हा तुजा."

मी नाक पुसलं.

"पण डॉक्टर वरीस म्हणालो होतो," मी म्हटलं.

"डॉक्टराक काय कळता? तेचे डोळे बरे आसत."

"आयेक म्हायत आसा?"

"तिका सांगलंय तर ती माका घराभायर सोडूची नाय. ह्या इनासाक म्हायत आसा. शिमग्यापासना तोच माका वळणार धरून हाडता." इनासने तोंड दुसरीकडे केलं, आणि याला तर नीट दिसतं, तरी हाही तोंड फिरवतो, हे मनात येऊन मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

"गेज हातात दिलंस," आबा सांगत राहिले, "आणि म्हणालंस, काटो बघा आणि बोटांनी सांगा. काटो खंयचो? माका काचसुदा दिसली नाय. खाली तू इचारलंस आणि माका सांगूक येवक नाय, तर तुका कळला आसता. मगे तू माका नेवक नसतंस. म्हणून म्हटलंय बांधून टाकूया. बांधलेल्याक कोण काय इचारना नाय."

"पण मगे इल्यात कित्याक? तुमका खडप दिसूचो नव्हतो, ता तुमका म्हायत होता!"

"तू किती घाई केलंस गे," आबा म्हणाले. "ह्या डॉक्टराक भेट, त्या डॉक्टराक भेट. महेंद्राक फोन कर. रोज येवन सांगीस, आबांनू, आज पाणी गढूळ आसा, उद्या जावया. तुका कसा सांगू, की उशीर झालो? तुजा मन मोडला आसता."

मी त्यांना खडप दाखवायला निघाले होते आणि ते माझा हट्ट पुरवायला. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि पाण्यात थुंकायचं निमित्त करून मी होडीच्या कडेला वाकले. या माणसावर माझं इतकं प्रेम आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

सरळ झाले तेव्हा माझं ठरलं होतं.

"गाठ सोडा," मी म्हटलं.

"काय?"

"गाठ सोडा आबांनू. माका सुटूची नाय ती, आणि करगोटो कापूचंय नाय मी."

त्यांनी दोन्ही हात मागे नेले. मी इतकं ओढूनही न हललेली ती गाठ त्यांच्या बोटांनी बघता बघता उकलली. गेज माझ्या हातात आलं. मी काटा बघितला. हवा भरपूर होती. म्हाताऱ्याने खाली श्वाससुद्धा काटकसरीने घेतला होता. मी क्लिप घेतली आणि गेज त्यांच्या उजव्या खांद्याच्या पट्ट्यावर उंच लावलं. काच बाहेरच्या बाजूला, माझ्याकडे.

"हय कोण लावता काय?" इनासने विचारलं.

"आमी लावतव," मी म्हटलं. "आबांनू, काटो मी वाचतलंय, तुमचो आणि माजो. तुमी इचार करू नकात. आणि खंयच्या बाजूक तोंड केलात तर तुमका बरा दिसता ता आत्ताच सांगा."

"वायच उजव्याक," आबा म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि वायच वर."

"बरा. मगे खडप तुमच्या डाव्या अंगाक ठेवतंय."

आम्ही पुन्हा उतरलो. या वेळी मी त्यांच्या उजव्या बाजूला, थोडी पुढे. दर थोड्या वेळाने त्यांच्या खांद्यावरचा काटा वाचायचा, त्यांचा दंड दाबायचा, पुढे निघायचं. विचारायचं काही नाही. खडप जवळ आला. उन्हाचे पट्टे त्याच्या पाठीवरून सरकत होते. कातळावर जांभळी, पिवळी पोवळी, मधून पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवा वाकून जात होता आणि खालच्या कपारीत एक जाडजूड गोबरा मासा तोंड उघडून बसला होता. मी आबांना कातळाच्या अगदी शेजारी आणलं आणि त्यांचा डावा हात एका मोकळ्या जागी दगडावर टेकवला.

आबांनी खडपाकडे पाठच फिरवली म्हणायला हरकत नाही. तोंड जरा उजवीकडे, हनुवटी जरा वर. दुसऱ्या कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं की हा माणूस भलतीकडेच बघतोय. पण त्यांचा हात दगडावरून सरकत होता, आणि मासे वळले की त्यांची मान केसभर वळायची. एका खाचेपाशी हात थांबला. त्यांनी तिच्यात बोटं घातली, आतून चाचपली, आणि एकदम त्यांच्या तोंडाजवळून बुडबुड्यांचा लोट सुटला. ते हसत होते. वर आल्यावर मला कळलं की त्यांचे निम्मे गळ त्या खाचेने खाल्ले होते.

मी काटा वाचला. अजून वेळ होता.

मग आबांनी कातळावरचा हात काढला आणि माझ्याकडे वळले, अगदी समोर. मास्कच्या काचेमागे त्यांचे डोळे सरळ माझ्यावर होते आणि मला माहीत होतं की या घडीला मला तोंड नाही. त्यांनी माझा हात धरला. आणि हळूहळू, पाण्यात होतं तितक्या सावकाश, त्यांनी माझ्यावरून तोंड फिरवलं, वायच उजव्याक, वायच वर, आणि तसेच थांबले.

मी पाय मारायचे थांबवले. श्वाससुद्धा हळू केला, बुडबुडे मध्ये येऊ नयेत म्हणून. त्यांना बघू दिलं.